लोखंडे सिस्टरचा रविवार

लोखंडे सिस्टर खोटं बोलायच्या. न अडखळता, समोरच्याच्या डोळ्यात बघून. त्यांच्याबद्दल लिहायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी. माणूस गेलं की सगळे त्याच्याविषयी गोड बोलायला लागतात, याची त्यांना भारी चीड होती. कुणाच्या मयतीहून आल्या की पाय धुताधुता म्हणायच्या, "काल शिव्या देत होते, आज देवमाणूस म्हणतायत. मेल्यावर माणूस सुधारतं की काय?" म्हणून मी गोड लिहिणार नाही. तसा मला त्यांचा रागही पुष्कळ यायचा.

नव्वदचं दशक निम्म्याहून जास्त सरलं होतं आणि मी नर्स म्हणून नुकतीच नोकरीला लागले होते. पाथर्डी तालुक्यात, तिसगावपासून जवळच एक आरोग्य केंद्र होतं, तिथं. गावाचं नाव सांगत नाही, कारण यातली काही माणसं अजून तिथं राहतात. सिस्टर आम्हा सगळ्या नर्सबायांवर देखरेख करायच्या. मूळच्या श्रीरामपूरच्या, ख्रिस्ती. मला दिलेल्या क्वार्टरमध्ये विंचू निघाले म्हणून पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्याकडं राहायला गेले आणि तिथंच राहिले. विंचू परवडले असते, असं मला नंतर अनेकदा वाटलं.

पांढरी साडी त्यांना भाताच्या पेजेत बुडवून कडक केलेली लागे. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. तोंडाला पावडर जरा जास्तच. श्रीरामपूरहून येताना त्या तिथल्या बेकरीतले पाव आणायच्या आणि तिसगावच्या पावांना सबंध आठवडा नावं ठेवायच्या. आवाज असा की त्या ओपीडीत बोलल्या की गेटवरचा चहावाला मान वर करायचा. काखेत एक रेक्झिनची काळी पर्स असायची. तिच्यात धनुर्वाताच्या इंजेक्शनपासून आवळासुपारीपर्यंत सगळं असे, आणि हात घातला की हवं ते पहिल्याच फटक्यात वर येई.

आणि खोटं. टाक्यांना घाबरणाऱ्या बाईला सांगायच्या, मला स्वतःला पाच टाके पडले होते, काही कळलंसुद्धा नाही. त्यांना मूलच नव्हतं. सुनेला माहेरी विश्रांतीला पाठवत नाहीत असं दिसलं की सासूला सांगायच्या, नगरच्या मोठ्या डॉक्टरांचा निरोप आहे, हिला महिनाभर पाणी भरू द्यायचं नाही. नगरचे मोठे डॉक्टर म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही. मी एकदा म्हटलं, सिस्टर, पकडलं कुणी तर? त्यांनी मला जे सांगितलं ते मी पुढं आयुष्यभर वापरलं. "खोटं बोलायचं तर पोटभर बोलावं, मंगल. अर्धपोटी खोटं पकडलं जातं."

फक्त रविवारी त्या खोटं बोलत नसत. महिन्यातून एखाद्या रविवारी श्रीरामपूरला चर्चमध्ये जायच्या, एरवी खोलीतच बायबल वाचत बसायच्या. पण नियम पक्का. त्यांचे यजमान कशानं गेले, असं कुणी विचारलं तर सोमवारी रेल्वेचा अपघात व्हायचा, गुरुवारी कावीळ व्हायची, एकदा तर सापही चावला होता. एका रविवारी कपडे वाळत घालताना मी सहज विचारलं. त्या चिमटा तोंडात धरून म्हणाल्या, "गेला कुठला? सोडून गेला. मनमाडला दुसरं घर आहे त्याचं." आणि पुढचा कपडा पिळायला घेतला. मी पुन्हा कधी रविवारी त्यांना काही विचारलं नाही.

या नियमाचा चटका मात्र दुसऱ्यालाच बसला. गावात मुलगी बघायला आलेली मंडळी परत जाताना हळूच सिस्टरकडं चौकशी करून जात, मुलगी निरोगी आहे ना. सिस्टरचं उत्तर ठरलेलं, मुलगी सोन्यासारखी आहे. पण एकदा अशी मंडळी रविवारी आली. त्या मुलीला लहानपणापासून फिट यायच्या. सिस्टर हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. पाहुण्यांना पाणी दिलं आणि गप्प बसल्या. लग्न मोडलं. मुलीची आई दारात येऊन रडली, तळतळाट देऊन गेली. तेव्हापासून रविवारी त्या दार आतून लावून घ्यायला लागल्या. पण गावाला जे कळायचं ते कळलं होतं. रविवारी सिष्टर खोटं बोलत न्हाई, आणि गप्प बसली तर समजून घ्यायचं.

आता सिंधूचं.

गावापासून मैलभरावर डांबरी रस्त्याला फाटा होता आणि त्याच्या अलीकडच्या वस्तीवर सिंधू राहायची. तिचा नवरा बबन ट्रकवर ड्रायव्हर होता. नगरहून कांदा भरून पार दक्षिणेत जायचा, पंधरा पंधरा दिवस यायचा नाही. घरात सासू गयाबाई आणि सिंधूची तीन-चार वर्षांची मुलगी. बबनला टीबीच्या गोळ्या चालू होत्या. गोळ्या न्यायला तो आला की सिस्टर त्याला बसवून घेत, खोदखोदून विचारत. अशाच एका दिवशी तो त्यांच्यासमोर रडला. नगरला एका डॉक्टरांनी त्याचं रक्त तपासलं होतं. तेव्हा एड्सचं नाव नुसतं घेतलं तरी माणसं भांडी वेगळी करायची, पाणवठा बंद करायची. औषध तर आमच्या भागात कुणी पाहिलंही नव्हतं. सिस्टरनी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. बायकोला आजच्या आज सांग, आणि निरोध वापर. त्यानं पहिली ऐकली. त्याबद्दल मी त्याला मानते. दुसरी मात्र ऐकली नाही. निरोध बाहेरच्या बायांसाठी असतो, घरच्या लक्ष्मीसाठी नाही, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. शिवाय जाण्याआधी एक मुलगा व्हावा असं त्याला वाटायचं. आणि आईला यातलं काही कळता कामा नये, असं वचन त्यानं सिस्टरकडून घेतलं.

सिस्टरनी सिंधूला नगरला नेऊन तिचं रक्त तपासलं. ते चांगलं निघालं. परतताना गाडीत दोघी आनंदात असतील असं मला वाटलं होतं, पण सिस्टर आल्या त्या तोंड पाडूनच. सिंधूला अजून काही झालेलं नव्हतं आणि बबन चार दिवसांनी परत येणार होता. माहेरी आईबाप नव्हते, भाऊ पुण्यात एका खोलीत सहाजणांत राहत होता. नाही म्हटलं की बबन आधी रडायचा, मग प्यायचा, मग ऐकायचा नाही. सिस्टर रात्रभर कूस बदलत राहिल्या. सकाळी चहा करताना त्या माझ्याशी नाही, स्टोव्हशी बोलल्यासारख्या बोलल्या, "त्याच्या हातात काही ठेवायचंच नाही. तिच्या हातात पाहिजे."

त्याच सुमाराला पुण्याला आमचं एक प्रशिक्षण झालं. तिथं एका परदेशी बाईंनी बायकांनी वापरायचा निरोध दाखवला. इकडं तो कुणी पाहिलेला नव्हता, सरकारी पुरवठ्यातही नव्हता. पातळ प्लास्टिकची लांब पिशवी, दोन्ही टोकांना कडी; आतली कडी दाबून आत सरकवायची, बाहेरची बाहेरच राहते. बाईनं आधीच घालून ठेवला तरी चालतो, पुरुषाला विचारायची गरज नाही. दिवस राहत नाहीत आणि रोगही लागत नाही. आम्ही नर्सबाया तोंडाला पदर लावून हसत होतो. कुणीतरी म्हणालं, हिच्यात किलोभर साखर मावेल. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी त्या बाईंना आमच्यातल्या एकीकरवी तीनदा विचारलं, तेल चालतं का, आवाज येतो का, नवऱ्याला कळतं का. तेल चालतं, असं उत्तर आलं. आवाज येतो, कुरकुरतं. नवऱ्याला कळू शकतं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या पंगतीला गेल्या. आम्ही परत आलो तेव्हा टेबलावरचा नमुन्यांचा खोका रिकामा होता आणि सिस्टरच्या पर्सची चेन लागत नव्हती. आयोजक बाईंनी विचारलं तर म्हणाल्या, "त्या कोल्हापूरच्या सिस्टर बघत होत्या बाई." वार बुधवार होता.

सिंधूला आमच्या क्वार्टरवर बोलावून सिस्टरनी सगळं शिकवलं. आपल्याच हाताची पोकळ मूठ करून दाखवलं, कडी कशी दाबायची, किती आत जायला हवी, बाहेरची कडी आत ढकलली जात नाही ना हे कसं पाहायचं, नंतर पिळा घालून कशी काढायची. सिंधू लाजली, मग ती पिशवी पाहून हसत सुटली. हसताहसता एकदम रडायला लागली. सिस्टरनी तिला रडू दिलं आणि मग पोटभर खोटं रचून दिलं. आमच्याकडं वय झालेल्या, फार बाळंतपणं झालेल्या बायकांचं, कधी एखाद्या तरणीचंही, अंग म्हणजे गर्भाशय खाली येतं, आणि डॉक्टर आत कडी बसवतात. हे सगळ्यांना माहीत असतं आणि पुरुष त्यात नाक खुपसत नाहीत. सिंधूनं घरात सांगायचं की तिचं अंग खाली येतंय, डॉक्टरांनी कडी बसवलीय, हात लावायचा नाही. बबनला बाहेरची कडी लागली तरी त्याला तेच वाटेल. राहिला आवाज. सिस्टरनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "कासाराकडं जा आणि कोपरापर्यंत बांगड्या भर."

सिंधूनं हातभर हिरव्या काचेच्या बांगड्या भरल्या. वस्तीवरच्या बाया म्हणायच्या, नवरा आजारी आणि हिला नटायचं सुचतंय. ती ऐकून घ्यायची.

बबनची एक सवय होती. फाट्यावर आला की तो हॉर्न द्यायचा, लांबलचक, दोनदा. म्हणजे घरी तवा चढायचा. ट्रक फाट्यावर लावून तो चालत वस्तीवर येईपर्यंत भाकरी तयार. तो बहुतेक दुपारीच यायचा आणि जेवला की बायकोला आत बोलवायचा, पोरीला आजीकडं पाठवायचा. सिंधूला जे करायचं ते हॉर्न वाजल्यापासून तो दारात येईपर्यंत करावं लागे.

एका दुपारी पोलिओच्या कामासाठी मी आणि सिस्टर वस्तीवर होतो. सिंधूच्या अंगणात बसलो असताना हॉर्न वाजला. गयाबाई म्हणाली, "ऊठ, पीठ घे, त्यो आला." सिंधू उठली, पण तिला चुलीकडं नाही, आतल्या खोलीत जायचं होतं आणि खोलीच्या दारातच गयाबाई बसलेली. सिस्टरनी शांतपणे पर्स उघडली. गयाबाईचा दंड धरून तिला अंगणातल्या बाजेवर ओढत नेलं आणि बीपीचा पट्टा बांधला. डोळे लाल दिसतायत, म्हणाल्या, बघू दे. पट्टा फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला. गयाबाई कुरकुरायला लागली की दंड दुखतोय, भाकरी कोण टाकणार. सिस्टर म्हणाल्या की भाकरी मंगल टाकेल. मला भाकरी येत नव्हती हे त्यांना चांगलं माहीत होतं. मी चुलीपाशी बसून पीठ थापत होते, ते फाटत होतं, आणि माझं सगळं लक्ष आतल्या खोलीकडं. रस्त्यावरून बबनच्या चपलांचा आवाज यायला लागला. पोरगी बापाला दादा म्हणायची, ती 'दादा आला' म्हणत पळाली. सिस्टर तिसऱ्यांदा पट्टा फुगवत होत्या आणि त्यांच्या ओठावर घाम आला होता. बबन अंगणात पाय ठेवतो न ठेवतो तोच सिंधू पदर सावरत बाहेर आली आणि माझ्या हातातून पीठ घेतलं. बांगड्या खणखणल्या. गयाबाईचं बीपी अगदी छान होतं. परत येताना सिस्टर वाटेतल्या बाभळीखाली बसल्या आणि पर्समधून आवळासुपारी काढून तोंडात टाकली.

खोका संपत आला. पुण्याला पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. त्या परदेशी बाई आपल्या देशात निघून गेल्या होत्या. एकदाच वापरायची वस्तू आहे, हे सिस्टरना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी सिंधूला धुऊन वापरायला सांगितलं, कारण दुसरं काही उरलं नव्हतं. साबणाच्या पाण्यात धुवायची, पाणी भरून वर धरायची, सायकलच्या ट्यूबचं पंक्चर बघतात तशी बघायची, वाळवायची, खोबरेल लावायचं. हे कुणी कुठं करावं म्हणून मी सांगत नाही. सिस्टरना तेव्हा झोप लागायची नाही. दवाखान्यात कुणी सिंधूचं नाव काढतंय का, याकडं त्या कान लावून असायच्या आणि माझ्यावर विनाकारण खेकसायच्या.

चूक झाली ती वाळवण्यात. आमच्याकडं बायका पाळीची फडकी दोरीवर उघडी घालत नाहीत. वर एखादं लुगडं पसरतात आणि खाली फडकी. ते लुगडं कुणी उचलायचं नसतं, हा अलिखित कायदा. सिंधूनंही त्या पिशवीसाठी तीच जागा धरली. घरातली सगळ्यांत सुरक्षित जागा तीच असं तिला वाटलं. पण एक माणूस ते लुगडं दर महिन्याला उचलून बघत होतं. गयाबाई. फडकी दिसली की तिचा जीव खट्टू व्हायचा, म्हणजे यंदाही नातू नाही.

गयाबाई आमच्या दारात आली तो रविवार होता. दार आतून लावलेलं. तिनं थाप मारली नाही, पायरीवर बसली आणि दाराशीच बोलली, "सिष्टर, मी गया. आयतवार हाय म्हनूनच आले." सिस्टरनी बायबल मिटलं. माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, उघडू नका. त्यांनी उघडलं.

गयाबाई आत येऊन भिंतीशी बसली. ओटीतून एक फडकं काढून उलगडलं आणि ती पिशवी जमिनीवर ठेवली.

"मला कडी हुती सा वर्सं," ती म्हणाली. "कडीला पिशवी नसती."

मी चहाच्या निमित्तानं स्टोव्हकडं गेले, पण स्टोव्ह पेटवला नाही, आवाज होईल म्हणून.

"सुनंला इचारलं, ती रडती नुसती. बबन वाळत चाललाय. गोळ्या खातो, खोकला जात न्हाई. मी अडानी हाय, पर आंधळी न्हाई. सिष्टर, माज्या लेकाला काय झालंय?"

बबनला दिलेलं वचन होतं. इतर कुठल्याही वारी सिस्टरनी त्या पिशवीचंसुद्धा काहीतरी करून दाखवलं असतं. नव्या तऱ्हेची कडी आहे, परदेशातून आली आहे, पोटभर सांगितलं असतं. त्यांचे ओठ हललेही. मला वाटलं, आता बोलतील, एक रविवार मोडतील. मनातल्या मनात मी म्हणत होते, मोडा. पण त्या गप्प बसल्या. मांडीवर हात ठेवून, खाली बघत. बाहेर कुणाचं तरी रेडिओवरचं गाणं संपलं, दुसरं लागलं. गयाबाईनं पुष्कळ वाट पाहिली. मग तिनं पदर तोंडात कोंबला आणि तिचं सगळं अंग हलायला लागलं, आवाज न करता. सिस्टर सरकून तिच्याजवळ गेल्या आणि तिचे पाय धरले. ख्रिस्ती बाईनं, वरच्या हुद्द्याच्या बाईनं पाय धरलेले मी तेव्हाच पाहिले.

बऱ्याच वेळानं गयाबाईनं तोंड पुसलं. पिशवीकडं बोट केलं. "हिच्यानं सिंधू वाचल का?"

"नवी असती तर पुष्कळ भरवसा होता," सिस्टर म्हणाल्या. "ही धुतलेली आहे. नवी माझ्याकडं आता एकही नाही. खात्री देत नाही मी, गयाबाई."

"व्हय," गयाबाई म्हणाली. फडक्यात पिशवी गुंडाळून पुन्हा ओटीत ठेवली. चहा घेतला नाही.

पुढचे आठ दिवस कसे गेले ते मला विचारू नका. गयाबाई लेकाला जाब विचारेल, गावाला कळेल, सिंधूला घराबाहेर काढतील, सगळं आमच्या डोळ्यासमोर येत होतं. मी सिस्टरना म्हटलं, तुमच्या एका रविवारापायी तीन माणसं जातील. त्या म्हणाल्या, "मला कळत नाही असं वाटतं का तुला?" आम्ही दोन दिवस बोललो नाही. माझा राग खरा होता आणि आजही तो पुरता गेलेला नाही.

मग फाट्यावर हॉर्न वाजला. दोनदा. दुसऱ्या दिवशी बबन गोळ्या न्यायला आला तो गोंधळलेला. म्हणाला, आईनं मढीच्या देवस्थानी नाथांपुढं नवस बोललाय. मी पुरता बरा होईस्तोवर नवरा-बायकोनं एका अंथरुणावर बसायचंसुद्धा नाही. मोडला तर लेक जाईल, असा कौल मिळालाय म्हणे. आई स्वतः त्या दोघांच्या खोलीत दारापाशी अंथरूण टाकून झोपते. काय करू, सिस्टर? आईचा नवस.

सिस्टरनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. नवस फार कडक असतो नाथांचा, म्हणाल्या, मोडू नकोस बाबा. तो गेल्यावर त्यांनी मला विचारलं की गयाबाई मढीला कधी गेली होती. मी म्हटलं, पाय दुखतात म्हणून ती फाट्याच्या पलीकडंही जात नाही. सिस्टर खुर्चीत मागं रेलल्या. "ही माझ्याही वरची निघाली," त्या म्हणाल्या, आणि कित्येक दिवसांनी हसल्या.

बबन वर्षभर होता. शेवटी ट्रक सुटला, मग अंथरूण धरलं. गयाबाईनं त्याचं सगळं केलं. आपल्याला माहीत आहे हे तिनं त्याला शेवटपर्यंत कळू दिलं नाही, आणि त्यानं तिला सांगितलं नाही. तो गेला तेव्हा बायकांनी सिंधूच्या बांगड्या फोडल्या. सिस्टर अंगणाच्या कडेला उभ्या होत्या. काचा वेचायला वाकल्या आणि वेचतच राहिल्या.

एक गोष्ट राहिली होती. सिंधूचं रक्त पुन्हा तपासायचं. ती टाळत होती. आज पोरगी आजारी, उद्या सुगी. ती भ्यायली होती हे उघड होतं. धुतलेल्या पिशव्यांचे ते महिने सिस्टरच्या डोक्यातूनही जात नव्हते. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी नारळ, साडी, भाषणं सगळं झालं, आणि गाडीत बसताना त्यांनी माझा हात पकडला तो फक्त याच्यासाठी. "तिला ने. आणि मला येऊन सांग. पत्र नको, येऊन सांग."

सिंधू तयार व्हायला आणखी वर्ष गेलं. तोवर सिस्टरना अर्धांगाचा झटका आला होता आणि श्रीरामपूरला त्यांची भाची त्यांना सांभाळत होती. नगरला आम्ही दोघी गेलो, रक्त दिलं, मग रिपोर्ट आणायला पुन्हा गेलो. रिपोर्ट हातात पडल्यावर सिंधू तिसगावच्या गाडीत बसली, घरी गयाबाई वाट बघत होती. मी श्रीरामपूरची गाडी धरली.

सिस्टर खिडकीजवळच्या कॉटवर होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात निकामी. पावडर मात्र लावलेली, भाचीनं लावली असावी, कारण ती बेताचीच होती. मला पाहून त्यांचे डोळे भरले. मी वाकून म्हटलं, सिस्टर, सिंधूचं रक्त चांगलं आलं, तिला काही नाही.

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. आजारी माणसाशी कसं बोलायचं, ते मी त्यांच्याच हाताखाली शिकले होते. मग जड जिभेनं त्यांनी विचारलं,

"आज वार कुठला?"

"बुधवार."

त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मी पर्समधून रिपोर्ट काढला, डोळ्यासमोर धरला. त्यांनी पाहिला नाही. खोटे कागद तर त्यांनीही पुष्कळ बनवले होते.

मी परत आले. चिडले, गाडीत रडले. रविवारी सकाळी सिंधूला घेऊन पुन्हा श्रीरामपूरला गेले. पोरीला गयाबाईपाशी ठेवलं होतं. भाचीनं सिस्टरना स्वच्छ पांढरी साडी नेसवून बसतं केलं होतं. जवळच कुठंतरी चर्चची घंटा वाजून गेली. सिंधू कॉटजवळ खाली बसली आणि सिस्टरचा बरा असलेला हात आपल्या मोकळ्या हातात घेतला.

"सिष्टर," ती म्हणाली, "आज आयतवार हाय. मला काई झालेलं न्हाई."

सिस्टरनी तिचा चेहरा नीट बघून घेतला. मनगटावरून अंगठा फिरवला, जिथं बांगड्या असायच्या तिथं. मग डोळे मिटले, आणि तोंडाच्या चांगल्या बाजूनं मला म्हणाल्या, "मंगल, हिला पाव दे. आमच्याकडचा."